सात गाठींची दोरी

वाऱ्यात गाडीचं दार उघडं ठेवायला अक्कल लागते. माझ्याकडे त्या दिवशी कात्री होती.

हे मी कबूल करतो आहे, कारण दुसऱ्यांच्या चुकांवर मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. स्वतःच्या चुकीवर एक ओळ नाही! नव्वद सालाच्या आसपास मी एकवीस वर्षांचा होतो. जळगावात आमचं प्रबोधनाचं मंडळ होतं, आणि सगळा समाज झोपला असून एकटा मीच जागा आहे, असं माझं प्रामाणिक मत होतं.

नाना म्हणजे माझे थोरले काका, असोद्याचे. उभी हयात बसगाड्यांच्या वर्कशॉपात फिटर म्हणून गेली. निवृत्त झाले आणि लिलावात निघालेला एक जुना फिरता दवाखाना घरासमोर आणून उभा केला. आत फळ्यांचा पलंग, स्टोव्हचा ओटा, पाण्याची टाकी. चाकावरचं घर! काकूला घेऊन गावोगाव हिंडायचा त्यांचा बेत होता.

"तीस वर्षं गाडीखाली झोपले," काकू म्हणाली, "आता मला घेऊन गाडीत झोपणार! मी नाही येत जा."

दोन वर्षं गाडी जागची हलली नाही. पलंगावर शेजारच्या कोंबड्या अंडी घालायच्या. शेवटी काकूने निर्वाणीचं सांगितलं, "या महिन्यात हिला काम मिळालं नाही, तर भंगारवाल्याला मीच बोलावते." नाना त्या दिवशी जेवलेच नाहीत, एवढंच.

तेवढ्यात धुळ्याचे एक डोळ्यांचे डॉक्टर देवासारखे (हा शब्द माझ्या लेखणीतून कसा गेला!) भेटले. त्यांना साक्री तालुक्यात नेत्रशिबिरं घ्यायची होती आणि गाडी हवी होती. म्हणाले, "एक शिबिर करून बघू. जमलं, तर सबंध हंगाम तुमचीच गाडी." नानांनी दोन दिवसांत ती गाडी चारदा धुतली.

पिंपळनेरच्या अलीकडचं एक गाव ठरलं. मीही निघालो, पत्रकांचे दोन गठ्ठे घेऊन. मला कोणी बोलावलं नव्हतं. चळवळीला बोलावणं लागत नाही! पत्रकाचा मथळा होता, "गंडेदोरे तोडा, डोळे उघडा!" नेत्रशिबिराला याहून योग्य मथळा कोणता?

आता त्या दाराविषयी. गाडीला माणसं चढायचं दार एकच, बाजूला, बाहेर उघडणारं; खिडक्यांना पत्रा ठोकलेला. आतली मूठ केव्हाच गेलेली, त्यामुळे एकदा लागलं की फक्त बाहेरून उघडायचं. आणि तपासणीसाठी ते उघडं असणं भाग होतं, कारण पेशंट आत सावलीत बसायचा आणि चिन्हांचा तक्ता समोरच्या निंबाला टांगलेला. उघड्या दारातून बघायचं, त्रिशूळासारख्या चिन्हाची टोकं कुठे आहेत ते बोटाने दाखवायचं. त्या माळावर वारा असा, की डोक्यावरची टोपी हातात धरून हिंडावं लागत होतं.

नानांनी दार मागे लोटून एका काळ्या दोरीने गाडीच्या अंगावरच्या आकड्याला अडकवलं होतं. दोरी बकरीच्या केसांची. तिला सात गाठी. टोकाला बिब्ब्यासारखं काळं काहीतरी. मध्ये लाल चिंधी. वर सकाळी निघताना काकूने लावलेलं कुंकू!

माझं रक्त उसळलं. आमच्या घरात? माझ्या सख्ख्या काकांच्या गाडीला?

"नाना, हे काय बांधलंय?"

नाना घाईत होते. आतला पंखा फिरत नव्हता. "त्या दोरीला हात लावू नको रे भो," म्हणाले आणि आत शिरले.

"का नको?"

"मी सांगतो म्हणून!"

बस्स! अंधश्रद्धेची याहून स्वच्छ व्याख्या आमच्या अभ्यासवर्गातसुद्धा कोणी केली नव्हती. हात लावू नको. का? सांगतो म्हणून!

बाहेर चाळीसएक माणसं रांगेत उकिडवी बसली होती. मी गाडीच्या पायरीवर चढलो आणि सुरू झालो. "बंधूंनो आणि भगिनींनो, लांबची उदाहरणं देत नाही, माझ्या घरातलंच देतो! हा काळा रंग बघा! या सात गाठी! हा बिब्बा! ही लाल चिंधी! हा गंडा नाही, तर दुसरं काय आहे?" पंधरा मिनिटं बोललो; आत नानांची पंख्यावर ठोकाठोक चाललेली, म्हणून तिथे काही ऐकू गेलं नसावं. शंका राहायला नको म्हणून प्रत्येक गाठ मोजून दाखवली. माणसं माना डोलवू लागली. गंडाच आहे, हे सगळ्यांना पुरेपूर पटलं.

मग मी कात्री काढली आणि दोरी कापली.

"बघा!" मी हात वर केले. "काय झालं? आभाळ कोसळलं?"

आभाळ नाही कोसळलं. माळावरून वाऱ्याचा एक झोत आला. मला पायरीवरून खाली ढकलून दार धाड्‌दिशी बंद झालं.

आत नेमक्या त्याच क्षणी डॉक्टर एका म्हाताऱ्या अक्कांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. पहिला थेंब पडला आणि गुडुप अंधार! आतून किंकाळी आली.

"मना डोया गया वं माय! डाक्टरनी मना डोया फोडा!"

चष्म्याच्या काचांची पेटी पडल्याचा आवाज. नाना आतून पत्र्यावर बुक्क्या मारताहेत. डॉक्टर ओरडताहेत, "दार उघडा! अक्का, हात सोडा माझा!" आणि बाहेरची रांग? चाळीसच्या चाळीस माणसं उठून पारापर्यंत पळाली. मी धडपडत उठलो आणि दार ओढलं. उजेड आत गेला.

"उना!" अक्का ओरडल्या. "डोया परत उना!"

झालं. दोरी कापली तेव्हा डोळा गेला, दार उघडलं तेव्हा परत आला. साऱ्या गावाच्या देखत! माझ्या दोन वर्षांच्या चळवळीत इतकं परिणामकारक प्रात्यक्षिक एकदाही झालं नव्हतं. फक्त ते उलट्या बाजूने झालं.

डॉक्टर घाम पुसत खाली उतरले. "नाना, दार कसं लागलं?"

नानांनी आकड्याकडे पाहिलं. मग धुळीत पडलेल्या दोन तुकड्यांकडे. मग माझ्या हातातल्या कात्रीकडे. वर्कशॉपात साध्या नटावरून दोन माणसांच्या कानाखाली आवाज काढणारे नाना! मी डोळे मिटून गाल पुढे केला.

"जुनी होती दोरी," नाना म्हणाले. "तुटली."

सत्यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत. मी गप्प उभा राहिलो.

अक्का मात्र गाडीतून खाली उतरल्या होत्या. "तुटनी नई रे बा! ह्या पोऱ्यानी कापी! पारवरतीन बठ्ठा गाव आराडी राहिना!" खरंच, पारावरून सगळं गाव तेच ओरडत होतं.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते नानांना एवढंच म्हणाले, "माणसंच चढणार नसतील, तर ही गाडी मला काय कामाची?"

नाना दोरीचे तुकडे घेऊन पाराकडे गेले. मी मागे. टोपी काढून ते समजावत होते, "अहो, ही दाराची दोरी आहे. वारा जेवढा, तेवढ्या गाठीला अडकवायची. हा बिब्बा नाही, बसच्या स्प्रिंगच्या पाट्याचं रबर आहे, टोक निसटू नये म्हणून. चिंधी आहे ती चढताना म्हाताऱ्यांना दिसावी म्हणून."

गावातले एक वयस्कर आबा शांतपणे म्हणाले, "फिटर, तू कशाले लपाडस? तुन्हा पुतण्यानीच बठ्ठं सांगं ना. सात गाठी मोजी दखाड्यात."

पुरावे मीच दिले होते! खोडून काढायला जागाच ठेवली नव्हती.

शेवटी आबांनी तोड सांगितली. ज्याने कापली, त्याने बांधायची. नारळ फोडून, हात जोडून. मग माणसं चढतील.

मी नानांकडे पाहिलं. वाटलं, नाही म्हणावं. तत्त्व म्हणून एक गोष्ट असते! पण नाना त्या तुकड्यांचं टोकाला टोक जुळवत उभे होते. जुळलं की सोडत होते आणि पुन्हा जुळवत होते.

मी नारळ फोडला. कोणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. गावाच्या साक्षीने मी, गंडेदोरे तोडा मोहिमेचा जिल्हा संघटक, दोन तुकड्यांची गाठ मारून दोरी आकड्याकडे नेली आणि हात जोडले. माना खाली झुकल्या. मागून नाना हळूच पुटपुटले, "पाचव्या गाठीला अडकव. वारा वाढलाय."

दार हललं नाही. रांग परत लागली. अक्का पहिल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी सगळा हंगाम नानांच्या गाडीला दिला. परतीच्या वाटेवर नाना चक्क गुणगुणत होते. मी मागे पलंगावर, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर तोंड लपवून पडलो होतो. नाना मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या दोरीचा विषय त्यांनी अजूनही काढलेला नाही, आणि हे मला अजूनही टोचतं.

पुढच्या शिबिराला त्याच भागात गेलो, तेव्हा एक शेतकरी मला शोधत आला. "वारा बांधणारे बाबा तुम्हीच ना? माझ्या गोठ्याचे पत्रे उडतात."

मी हादरलो. त्याला बाजूला बसवून अर्धा तास सगळा प्रकार सांगितला. दोरी, रबर, आकडा, कात्री, माझा मूर्खपणा. त्याने शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

"हे लिहून देता?"

"अवश्य देतो!" मी कागद घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, "माझ्या अंगी कोणतीही शक्ती नाही." खाली सही केली.

त्याने कागद कपाळाला लावला, बारीक घडी घातली आणि गोठ्याच्या आढ्याला बांधून टाकला. पत्रे तेव्हापासून हललेले नाहीत म्हणतात. मंडळाला मी अजून कळवलेलं नाही.