लॅपटॉपातली सवत

आमच्या ह्यांना एकच व्यसन हाय. ते दारूचं असतं, तर चार बायांत बसून रडून तरी मोकळी झाले असते. दारुड्याच्या बायकोला लोक जवळ घेतात. माझं गाऱ्हाणं ऐकलं की बाया तोंडाला पदर लावून हसतात. "अगं वैजयंती, लॅपटॉपवर जळतीस व्हय?" म्हणतात. हो, जळते. सवत जिच्या घरात नांदते तिलाच ठाऊक.

ह्यांचं नाव सुदर्शन. नारायणगावात इंटरनेट पुरवणाऱ्या एका एजन्सीत कामाला हायेत. खांबावर चढायचं, टेकडीवरच्या डिशचं तोंड फिरवायचं, ओझरपासून पार आंबेगावच्या शिवेपर्यंत कुणाचं नेट गेलं की गाडीला किक मारायची. माणूस गरीब. आवाज चढवणार नाय, ताटात पडेल ते खाणार. मला हाक मारायची तर नुसतं "अगं". लग्न होऊन आले तेव्हा नणंदांनी दार अडवलं, "दादा, नाव घे मगच आत," म्हणाल्या. ह्या बाबानं लाजून खिशातली नोट काढून दिली अन् आत शिरला. मी मात्र उंबऱ्यावर उभं राहून ठसक्यात नाव घेतलं. त्या दिवसापासून कितीतरी वर्षं माझं नाव ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

आता तिचं सांगते. ती म्हणजे एक प्रोग्रॅम. इंटरनेटवर जी काय बोलणी चालतात ती पाकिटं करून इकडून तिकडं जातात म्हणे. ही बया त्या पाकिटांत डोकावते अन् एकेक ओळ मांडून दाखवते, कोण कुणाशी काय बोललं, बोलणं कुठं तुटलं. फुकट मिळते. कुणा एकाच्या मालकीची नाय. जगभरातली माणसं मिळून तिला सांभाळतात अन् त्याचा छदामही घेत नाहीत. त्यातलेच एक आमचे हे, लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे. "प्रोग्रॅम तो असतो गं, ती नाय," असं हे म्हणतात. मी म्हणते, पुरुष पुरुषाकडं असं बघत नाय.

सुरवातीला तिला नवनवीन कायबाय करून घालायचे. मी वैतागले. चतुर्थीला ओझरला घेऊन गेले, विघ्नहरापुढं उभं केलं अन् म्हणलं, "शपथ घ्या, तिच्यासाठी आजपासून नवीन काय करणार नाय." घेतली की! मला वाटलं, सुटले. अन् आठ दिवसांत हे पुन्हा तिच्यापुढं बसलेले. मी थयथयाट केला तर म्हणतात, "नवीन कुठं करतोय? जुन्याचीच डागडुजी हाय." दर दीड महिन्याला तिचा एक अपडेट निघतो. त्यात नवं काय नसतं, आधीचं जे तुटलंफुटलं असेल ते तेवढं नीट करायचं. शपथ मी घातली, शब्द माझेच, आता बोलू कुणाला? तेव्हापासून ह्यांनी नव्याचं काम सोडलं अन् सगळा जीव डागडुजीत घातला. आमच्या शेडनेटचा एक कोपरा फाटून वर्षभर फडफडत व्हता. तिचं भोक एक दिवस राहू देतील तर शपथ.

शेडनेट म्हणजे माझी नर्सरी. टोमॅटोची रोपं करते मी. आंबेगावातनं, जुन्नरातनं शेतकरी येऊन ट्रे भरून नेतात. उन्हाळ्यात रोपाला पाण्याचा फवारा वेळेवर लागतो, म्हणून मी हौसेनं मोबाईलवर चालणारा कंट्रोलर बसवला. ऐन वैशाखात, भर दुपारी, त्या डब्यानं बोलणंच बंद केलं. फवारे बंद. रोपं माना टाकायला लागली. मी ह्यांना फोन केला, हे धावत आले. खोटं कशाला बोलू, लगेच आले. पण आले ते तिला काखोटीला मारूनच.

लॅपटॉप उघडला, वायर जोडली, ओळी सरकायला लागल्या, अन् सरकता सरकता ती बयाच आडवी झाली. बंद. हे पुन्हा चालू करायचे, ती पुन्हा बंद पडायची. माणसानं कपाळाला हात लावावा की नाय? ह्यांचा चेहरा उजळला! "अगं, तुझ्या डब्याच्या एका वाकड्या पाकिटानं ही पडली बघ!"

"अहो, माझी रोपं पडली, ती बघा आधी!"

"एक मिनिट, हे बोलणं उतरवून घेतो."

मी पाईप ओढत ट्रेमागून ट्रे भिजवत व्हते. घामानं डोळ्यांना दिसत नव्हतं. अन् हे कोपऱ्यात उकिडवे बसून तिची नाडी बघत व्हते. मरणाऱ्या माझ्या रोपांपेक्षा तिची चक्कर मोठी! शेवटी फवाऱ्याला साधं घड्याळ लावून दिलं त्यांनी, तेवढ्यावर भागलं. पण उन्हाच्या बाजूची रोपं गेली ती गेलीच. त्या दिवशी मला ती दिसली असती ना, बाई म्हणून, तर झिंज्या उपटल्या असत्या.

पुढं रोज कामावरनं आले की तेच. चहा ठेवला की गार. परदेशातल्या माणसांशी लिहिणं चाललेलं. मी विचारलं नाय अन् त्यांनी सांगितलं नाय. मी विचारायचं तरी का? नवरा कुणाकडं जातो हे बायकोनं विचारत बसायचं का?

त्यातच माझ्या भावाचं, आदेशचं लग्न निघालं, घोडेगावला. घरात एकच जावई, म्हणजे हे. मान त्यांचा. मी आधीच सांगून ठेवलं, "मांडवात ती दिसली, तर मी माहेरीच राहीन. परत यायची नाय. जीपमधून येताना जोडीनं अन् जाताना एकटं जा." ह्यांनी होकाराची मान हलवली. मी मनात पक्कं केलेलं. ती नायतर मी, हे त्या दिवशी ठरणार व्हतं.

मांडव भरला. माईकवर एकेकाचं नाव पुकारून फेटे बांधणं चाललेलं. "जुन्नरचे पाव्हणे, आमचे जावई सुदर्शनराव, यांनी फेट्यासाठी पुढं यावं." कुणी आलं नाय. पुन्हा पुकारलं. माझी आई सरूबाई ताटात नारळ अन् टॉवेल-टोपी घेऊन उभी, तिचा हात अवघडला. मावशी मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "जावई रुसला की काय गं?" पुढच्या रांगेतल्या बाया माझ्याकडं वळून बघायला लागल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मला कळलंच व्हतं. तशीच मांडवामागं गेले, तर चिंचेखाली आमची जीप उभी. आत हे, मांडीवर ती. आहेराच्या पिशवीखाली लपवून आणलेली.

"तिकडं माझ्या आईचं हसं झालं," मी म्हणलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बसा तुमी तिच्याबरोबर. माझे कपडे पाठवून द्या."

"अगं, आज अपडेट निघायचाय," हे म्हणाले. "ते भोक लई वाईट हाय. तसलं वाकडं पाकीट कुणी मुद्दाम पाठवलं, तर जगात कुणाकडंबी ही अशीच आडवी पडेल. शेवटची तपासणी चाललीय, माझ्यावर थांबलेत सगळे."

"थांबू द्या की! माझी रोपं मेली, आता मी मेले तरी तुमी तिचीच तपासणी करा!"

ह्यांनी लॅपटॉप उचलून त्याचं तोंड माझ्याकडं केलं. इंग्रजी ओळींची उतरंड व्हती. नुसते आकडे, कसलीकसली नावं. ह्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं इंग्रजीत लिहिलेलं, वैजयंती.

"हे काय?"

"तुझ्या नर्सरीतलं बोलणं. त्या दुपारी उतरवून घेतलेलं." कान लाल झाले व्हते त्यांचे. "पुन्हा ती तशी पडू नये म्हणून ते तुझ्या नावाच्या फाईलीत कायमचं ठेवून दिलंय. दर अपडेट निघायच्या आधी ही फाईल तिच्यापुढं ठेवतात. सगळी नीट वाचली तर ती पुढं जाणार. अडखळली तर तिला सोडत नायत. मी तिथं नसलो तरी."

"किती दिवस?"

"ती हाय तवर."

मी त्या ओळीकडं बघत राहिले. राग कुठं गेला नव्हता, छातीतच व्हता. पण त्याला आता बसायला पाट मिळाला. "म्हणजे," मी म्हणलं, "ही भवानी दर खेपेला नटूनथटून बाहेर निघाली, की आधी थोरलीच्या पाया पडणार."

ह्यांनी विचार केला. प्रत्येक गोष्टीचा विचारच करतात. "तसंच," म्हणाले.

"अन् जगाला माझं नाव लिहून दाखवता. मला हाक मारायला काय झालं व्हतं?"

माईकवर तिसऱ्यांदा पुकारा झाला.

"उतरा खाली," मी म्हणलं.

"लोक थांबलेत गं तिकडं."

"इकडंबी थांबलेत."

ह्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. अन् लॅपटॉप मिटला. अपडेट निघायच्या दिवशी, अर्ध्यावर! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मिटल्याचा तो आवाज मी अजून विसरले नाय.

मांडवात गेलो. फेटा बांधला, आईनं नारळ दिला. तेवढ्यात माझ्या चुलतबहिणीनं, श्रेयानं, माईक ह्यांच्या तोंडापुढं धरला. "भाऊजी, उशीर केलात. आता नाव घेतल्याशिवाय सुट्टी नाय." सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. आता हे खिशात हात घालणार, नोट काढणार, हे मला दिसतच व्हतं.

ह्यांनी खिशाकडं हातबी नेला नाय. गळा साफ केला. यमक नाय, जुळवाजुळव नाय, म्हणाले, "वैजयंतीनं सांगितलं, म्हणून आलो."

असला कसला उखाणा, म्हणून लोक हसले. आदेश पोट धरून हसला. मी हसले नाय. पदरानं डोळे पुसले अन् अंगावर पडलेला अक्षतांचा तांदूळ काढत बसले, उगंच.

तिन्हीसांजेला तिचा अपडेट निघाला. जेवणं उरकल्यावर मीच ह्यांना जीपकडं जाऊ दिलं. माहेरीबी राहिले नाय, जोडीनंच परत आलो.

अजून दर दीड महिन्याला हे तिच्यापुढं बसतात. अजून माझा चहा गार होतो, अन् अजून मी जळते, सवत ती सवतच. फरक एवढाच, की अपडेट निघाला की मी चुलीपुढनं विचारते, "पडली का पाया?"

"पडली, वैजयंती," हे आतनं सांगतात.

आशीर्वाद मी देत नाय. नुसतं "हूं" म्हणते.