काकांच्या खिशातल्या लाल फिती

घासलेटच्या वासाने ज्याच्या चेहऱ्यावर अत्तराची तृप्ती पसरे असा माणूस मी जन्मात एकच पाहिला. रेशनच्या दुकानात पिंपाचं झाकण निघालं की रांगेतल्या बायका पदर नाकाला लावत. आमच्या शेजारचे काका मात्र एक पाऊल पुढे सरकत, डोळे मिटत आणि देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर घ्यावा तसा लांब, सावकाश श्वास घेत. "विमानाच्या पोटात हेच असतं गो," ते मला एकदा म्हणाले होते, "फक्त जरा गाळीव." दुकानदार ओरडे, "काका, वास फुकट आहे, पण डबा पुढे करा!" तेव्हा कुठे ते भानावर येत. ऐंशीचं दशक उजाडता उजाडता आमच्या मजल्यावर घरोघरी गॅस आला, पण काकांनी काकूंच्या पंपाच्या स्टोव्हला काही निवृत्त होऊ दिलं नाही. त्या निळ्या ज्योतीच्या घरघरीत त्यांना काय ऐकू येत होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

काका हवाई दलातले. वैमानिक नव्हेत, विमान उडण्याआधी ते तपासून, पुसून, वैमानिकाच्या स्वाधीन करणाऱ्यांपैकी. ‘नॅट’ नावाची चिमुकली लढाऊ विमानं त्यांच्या हातांखालून गेली होती, आणि ती सेवेतून काढली गेली त्याच सुमारास काकाही घरी आले. "विमानं आणि मी एकदमच बाद झालो," असं ते हसत सांगत. अंधेरी पूर्वेला, विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर त्यांनी खोली घेतली. आमच्या इमारतीवरून विमानं इतकी खालून जात की मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींशी कुजबुजत, आणि बोलणारी माणसं वाक्याच्या मध्यावर थांबून, आवाज ओसरला की पुढचा शब्द उचलत. भांडणंसुद्धा आमच्याकडे अशी टप्प्याटप्प्यानं होत. मान वर करून न बघणारे काका एकटेच. "बस आहे ती, बस," ते म्हणत. "आत चहा देतात म्हणे. विमानात कोण चहा पितं?" मी तेव्हा मराठी घेऊन एम. ए. करत होते, शब्दकोश उघडून एके दिवशी विजयी मुद्रेने जाहीर केलं, "काका, नॅट म्हणजे चिलट!" काकांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. रुसवा निघाला तेव्हा गंभीरपणे म्हणाले, "चिलट कोणाच्या डोळ्यात गेलं तर तो रडतो. चिलट रडत नाही. समजलं?"

घरात त्यांनी हवाई दलाची शिस्त जशीच्या तशी आणली होती. सकाळी स्टोव्ह पेटवण्याआधी ते मोरीपाशी उभे राहून खणखणीत आवाजात विचारत, "क्लिअर?" काकूंनी हातातलं काम टाकून अंगठा वर दाखवायचा, मगच काडी ओढली जाई. "लग्नात ह्यांनी अंतरपाटाआडून विचारलं नाही, हेच नशीब," काकू आईला सांगत. "आणि मी अंगठा दाखवला नसता तर? सुटले असते गो!" एवढं बोलून त्या स्वतःच हसत आणि काकांच्या ताटात माशाची मोठी तुकडी घालत.

पण काका आमच्या मजल्यावर, खरं तर सगळ्या गल्लीत, प्रसिद्ध होते ते त्यांच्या प्रदक्षिणेमुळे. विमान निघण्यापूर्वी त्याभोवती एक फेरी मारून प्रत्येक भागावरून हात फिरवायचा, हा त्यांचा जन्माचा रिवाज. विमानं संपली, तसा तो माणसांवर आला. कोणीही घराबाहेर निघालं की काका त्याच्याभोवती फिरत. चपलेचा अंगठा वाकवून बघत, छत्रीची काडी ओढत, शर्टाचं शेवटचं बटण चाचपत. परीक्षेला निघालेल्या मुलांची पेनं झटकून बघताना त्यांनी कितीतरी गणवेश निळे केले. एकदा कोणाकडे मुलगी बघायला आलेले पाहुणे चुकून आमच्या मजल्यावर आले, तर काकांनी नवऱ्या मुलाभोवतीच फेरी मारली आणि त्याच्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "डाव्या बुटाचा तळ सुटलाय. लांबच्या प्रवासाला नको."

आणि प्रदक्षिणेनंतर फीत. विमान जमिनीवर उभं असताना त्याची चाकं मिटू नयेत म्हणून पायांत पिना अडकवतात, आणि त्या विसरल्या जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पिनेला एक लाल फीत लोंबत असते. उड्डाणाआधी ती काढायची, वैमानिकाला उंच धरून दाखवायची, त्याने अंगठा वर करायचा. आणि पिन आपल्यापाशी ठेवून त्याची वाट बघायची. काकांनी काकूंचा जुना लाल परकर फाडून साऱ्या मजल्याला फिती वाटल्या होत्या. आमच्या दाराच्या खिळ्याला माझी फीत लटकलेली असे. निघताना काका ती काढत, माझ्या डोळ्यांपुढे धरत, मी अंगठा दाखवी, आणि फीत त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जाई. कचेऱ्या भरण्याच्या वेळेला तो खिसा जास्वंदीच्या झाडासारखा लालभडक फुललेला असे. संध्याकाळी एकेक माणूस परते. काका गॅलरीतल्या खुर्चीवरून, समोर उभ्या असलेल्या, घामाने निथळणाऱ्या, डोळ्यांनी धडधडीत दिसणाऱ्या माणसाला विचारत, "आलीस?" "आले," असं म्हटल्याखेरीज फीत परत मिळत नसे. खिसा रिकामा झाला की मगच ते जेवायला उठत.

रिकामा म्हणजे अगदी रिकामा नव्हे. एक फीत आतच राही. ती परकराची नव्हती. जाड कापडाची, उन्हाने फिकटून गुलाबी पडलेली, आणि तिच्या टोकाला खरीखुरी जड पिन. मुलं विचारत, "काका, ही कोणाची हो?" काका म्हणत, "एक जण यायचाय अजून." काकू त्या वेळी हमखास आत जात आणि भांड्यांचा आवाज करत.

या माणसाचं दुसरं वैगुण्य असं, की तो घराबाहेर पडताना ‘येतो’ म्हणत नसे. आपल्यात निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. दारातून पाय बाहेर टाकतानाच परतीचा शब्द उंबऱ्यावर ठेवून जातो. काका मात्र दुधाच्या केंद्रावर जातानासुद्धा स्पष्ट सांगत, "जातो." काकूंच्या काळजात रोज चर्र होई. "अहो, येतो म्हणा!" त्या दारापर्यंत धावत. जिना उतरता उतरता काकांचं ठरलेलं उत्तर येई, "आल्यावर म्हणेन." आणि खरोखरच, आरेच्या बाटल्या किणकिणत परत आले की दारात उभे राहून नम्रपणे म्हणत, "येतो." काकू कपाळाला हात लावत. मी हे सगळं मैत्रिणींना रंगवून सांगत असे. त्यात रडण्यासारखं काही असेल, अशी शंकाही मला आली नव्हती.

पहिली शंका आली ती मनोरीला गेलो त्या दिवशी. कॉलेजच्या आम्ही मैत्रिणी सकाळी मार्व्याहून तरीने, खाडी ओलांडणाऱ्या होडीने, गेलो, ओहोटीला वाळूत दूरवर चालत राहिलो, आणि परतताना होडी आमच्या डोळ्यांदेखत भरून निघून गेली. पुढची मिळेपर्यंत पाण्यावरचा सगळा सोनेरी रंग राखाडी झाला होता. घरी पोचले तेव्हा दिवे लागून जेवणंही आटपली होती. आई रागाने बोलायला उठली, पण तिच्याआधी काका जिन्याच्या तोंडाशी आले. "आलीस?" "आले, काका. होडी चुकली." त्यांनी फीत माझ्या हातात दिली, ती घामाने ओली झालेली होती, दिवसभर मुठीत धरल्यासारखी. आणि ते तडक आत गेले. काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "दुपारपासून पाणीसुद्धा घेतलं नाही गो ह्यांनी. बोलू नकोस त्यांना काही."

रविवारी दुपारी गच्चीवर काकांची सभा भरे. सभासद दोन: काका आणि एका बँकेतले कारकून, ज्यांना विमानांचं वेड होतं. त्यांनी लढाऊ विमान जवळून कधी पाहिलं नव्हतं, पण नॅटचे पंख केवढे, वेग किती, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ. काकांना त्यातलं काहीच येत नसे. "वेगाचं मला काय विचारता? मी कायम खालीच होतो." मग ते सांगत ते वेगळंच: उड्डाणानंतर पत्रा किती तापलेला असे, थंडीत त्यावर पाठ टेकून उभं राहिलं की कसं वाटे, यंत्र बंद झाल्यावर आत काहीतरी टिक्-टिक् करत निवत जाई ते. बँकवाले हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकत. अशाच एका रविवारी त्यांनी बातमी आणली. आरे कॉलनीकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका तंत्रशाळेत, विद्यार्थ्यांना बघण्यासाठी म्हणून, मोडीतलं एक नॅट आणून ठेवलं होतं. "काका, चला!" बँकवाले लहान मुलासारखे उड्या मारत होते. काका उठले, आणि कठड्यापाशी बसलेल्या मला म्हणाले, "तूही चल गो."

सिमेंटच्या चौथऱ्यावर ते उभं होतं. इतकं लहान, की मला उगाच भरून आलं. कोणीतरी त्याला लोखंडी कपाटाला देतात तसला रंग फासला होता. हवा आत घेण्याच्या तोंडात साळुंक्यांनी गवत कोंबून घरटं केलं होतं, आणि आतून पिलांची चिवचिव येत होती. काकांनी चपला काढल्या आणि उन्हाने पोळणाऱ्या पत्र्यावर तळहात ठेवला. "ओ काका, हात लावायचा नाय!" रखवालदार ओरडला. "मी नाही लावायचा, तर कोणी रे लावायचा?" काका इतक्या हळू म्हणाले, की तो मागे सरला. मग त्यांनी फेरी मारली, एकेका खिळ्यावरून बोट फिरवत. चाकापाशी आल्यावर खिशातून ती गुलाबी फीत काढली आणि पिन भोकात सरकवून पाहिली. ती बसली. बँकवाल्यांचे डोळे चमकले. "काका, हेच का ते?" काकांनी पिन पुन्हा ओढून घेतली. "बसते सगळ्यांनाच. पण ही ह्याची नाही. ज्याची आहे ते आलेलं नाही."

परतताना बसथांब्याच्या सावलीत त्यांनी सांगितलं. वैमानिक उत्तरेकडचा होता, नुकती मिसरूड फुटलेला. "साहेब म्हणायचो, पण पोरगाच." निघताना तो म्हणे, "जाता हूं." एकदा काकांनी हात जोडून सांगितलं, साहेब, आमच्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. पोराला गंमत वाटली. तेव्हापासून रोज पाळण्यात बसल्यासारखा त्या विमानात बसला, की वरून ओरडे, "येतो हूं!" काका रोज सुधारत, "हूं नाही, साहेब, नुसतं येतो." तो रोज चुकत असे. युद्ध नव्हतं, वादळ नव्हतं. एका लख्ख सकाळी, नेहमीच्या सरावाला तो निघाला. काकांनी पिन दाखवली, त्याने अंगठा वर केला. "आणि म्हणाला, येतो. त्या दिवशी हूं नव्हता गो. अगदी बरोबर म्हणाला." काकांनी पिनेवरची धूळ अंगठ्याने पुसली. "बरोबर म्हणून काय झालं?" वरून एक विमान गेलं. आवाज ओसरल्यावरही कोणी पुढचा शब्द उचलला नाही.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात काकांची छाती बिघडली. शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. सकाळच्या कोवळ्या उन्हात टॅक्सी गल्लीत उभी होती. काकू पिशवी आणि थर्मास घेऊन आधीच आत बसल्या होत्या. सगळा मजला खाली उतरला होता, आणि सगळेच अवघडून उभे होते, कारण निघणारा माणूस काका होता आणि त्यांच्याभोवती फिरणारं कोणी नव्हतं. त्यांनीच माझ्याकडे पाहिलं. "बघत काय राहिलीस? फेरी मार."

मी त्यांच्याभोवती फिरले. सदऱ्याला इस्त्रीचा उबट वास होता आणि त्याखाली, अगदी धाग्यात मुरलेला, घासलेटचा. खांद्याची हाडं कापडातून वर आली होती. एक बटण खालच्या काजात गेलं होतं. ते मी काढून नीट लावलं. चपलेचा अंगठा वाकून पाहिला. त्यांच्या नावाची फीत आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. त्यांनी सगळ्यांसाठी परकर फाडला, स्वतःसाठी नाही. मग त्यांनीच खिशातून ती गुलाबी फीत काढली, पिनेसकट माझ्यापुढे उंच धरली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ती त्यांच्या छातीच्या उबेने कोमट होती. माझ्या टेबलाच्या खणात ती आता गार असते. मी ती परत दिलेली नाही, द्यायची कोणाला?

त्या सकाळी वरून विमान आलं आणि आम्ही सवयीने थांबलो. आवाज ओसरला. टॅक्सीच्या खिडकीतून काकू नेहमीसारखं काहीतरी सांगायला पुढे झुकल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच काकांनी अंगठा वर केला, माझ्याकडे बघून हसले, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, निघताना म्हणाले,

"येतो."