नानांचा सहावा गिअर

आमचे नाना सायकल घरातल्या घरात चालवायचे, आणि तीही टांगलेली. पडवीच्या आढ्याला दोन कड्या होत्या, पाळण्याच्या. त्या कड्यांना दोर बांधून, त्यात सायकलचं सीट आणि हँडल अडकवून नाना खाली पोत्यावर बसायचे. डोळे मिटायचे. उजव्या हातानं पायडल फिरवायचं, डाव्या हातानं गिअरचा खटका हळूहळू ढकलायचा. चाक हवेत गरगरतंय, दारातून धरणाचं पाणी चमकतंय आणि नानांचा चेहरा असा, की हा माणूस इथं नाहीच. येणारेजाणारे थट्टा करायचे, "काय नाना, पाळणा हलला म्हणायचा!" नाना डोळे न उघडता म्हणायचे, "हलला राव. बारशाला या."

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लग्न केलं नव्हतं. का नाही विचारलं तर म्हणायचे, "पोरगी बघाया निघालो व्हतो, वाटंत सायकल पंचर झाली." जुनं गाव डिंभ्याच्या धरणात जाण्याआधी ते काळ्या सायकलला दुधाच्या किटल्या लावून गावातून खिंडीत दूध घालायला यायचे आणि रिकाम्या किटल्या वाजवत परत जायचे. पाणी चढायला लागलं तेव्हा सगळ्यांनी घरांची लाकडं काढून वर आणली. आमच्या घराचं आढं उतरवताना ते नानांच्या गुडघ्यावर आलं. पाय वाचला, पण गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. वरच्या वस्तीवर खिंडीजवळ नवं घर बांधलं, त्याला तेच आढं घातलं. म्हणजे ज्या लाकडानं पाय मोडला, त्याच लाकडाला नाना सायकल टांगायचे. याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. आढ्याबद्दल बोलताना ते "आपलं आढं" असंच म्हणायचे.

सायकल खरं तर माझी. मला घोडेगावच्या शाळेत जायचं होतं आणि आमच्याकडची यष्टी म्हणजे माहेरवाशीण. आली तर आली. दादा, म्हणजे माझे वडील, एक दिवस शांतपणे म्हणाले, "यष्टीच्या भरवशावर पोर अंधार पडेस्तवर बाहेर ठेवणार न्हाई मी. सातवी झाली, लई झालं." मी रडून घर डोक्यावर घेतलं. चार-आठ दिवसांत नानांनी पिंपरीच्या मामांकडून एक गिअरची सायकल टेम्पोत टाकून आणली. मामांच्या मुलाला ती नको होती, कारण तिचा गिअर कुठंच टिकत नव्हता. चढावर पाय मारला की खाड्‍कन उडी मारायचा.

घोडेगावातल्या सायकलवाल्यानं बघितलं आणि सरळ सांगितलं, "नाना, हे काढून टाका. साधी करून देतो. आपल्याकडं गिअर कुणाला लागतोय?" नाना म्हणाले, "पोरीला लागतोय. दोन्ही अंगाला चढ हाय आमच्या." आणि सायकल घरी आणली. आधी सगळे करतात तशी उलटी केली, चाकं वर. उलट्या सायकलवर गिअर छान बसला. सुलट केली, मी बसले, आणि चढावर पुन्हा तेच, खाड्! नानांनी डोक्यावर हात मारला. "अगं, आपून हिला शीर्षासन घालून इचारतोय, बरं वाटतंय का! कसं सांगंल ती?" तेव्हापासून पाळण्याच्या कड्या कामी आल्या. सायकल चालते तशीच टांगायची आणि ऐकायचं.

ऐकायचं हे महत्त्वाचं. मागच्या चाकाला लहानमोठ्या सहा चकत्या, आणि चेन एकीवरून दुसरीवर ढकलणारा एक लोंबता सांगाडा. नाना त्याला माकड म्हणायचे. माकडाला तार. तार ढिली झाली तर माकड आळशी, ताणली तर अगोचर. नाना तारेच्या तोंडची बारीक गोल चावी नखभर फिरवायचे आणि कान लावायचे. "चेन कुजबुजली की समजायचं, दोन घरांच्या मधी उभी हाय, कुनाकडं जावं कळंना तिला. गप झाली की घरात गेली." मग जरा फिरवायचे आणि चेन खरंच गप्प व्हायची. रविवारची दुपार अशी जायची. मला झोप यायची त्या आवाजानं. अजूनही फिरतं चाक ऐकलं की डोळे जड होतात.

आणि या सहा गिअरांना नानांनी आकडे दिलेच नाहीत. त्यांना नावं होती. सगळ्यात मोठी चकती, सगळ्यात हलका पाय, ती खिंड. मग आंबा. मग टाकं. मग देऊळ. मग पार. ही जुन्या गावाच्या रस्त्यावरची ठिकाणं. खिंडीतून उतरत गेलं की याच क्रमानं यायची, वेग चढत जायचा तसा पायाला आणखी जड गिअर लागायचा आणि सायकल पळायची. नाना गिअर लावायला बसले की मनातल्या मनात खिंडीतून घरी निघायचे. "निघालो... आंबा आला. मोहर लई हाय अवंदा... टाकं. जरा सरक गं म्हशी... देऊळ..." प्रत्येक ठिकाणी खटका एक घर पुढं. चेन कुजबुजली तर म्हणायचे, "देवळापाशी खडी हाय," आणि चावी फिरवायचे. त्या पाण्याखालच्या रस्त्यावर बसून माणसानं माझ्या शाळेची सायकल जुळवली. मीही तशीच बोलायला शिकले. शाळेच्या रस्त्यावर चढ आला की मी खिंड टाकायची. मैत्रिणींना वाटायचं, हिचं डोकं फिरलंय.

पण पाराशी नाना थांबायचे. पुढं एक चकती शिल्लक होती, सगळ्यात लहान, सगळ्यात वेगाची. तिचं नाव मळई, नदीकाठच्या गाळाच्या सपाट रानाचं. माकडाला दोन बारीक इस्क्रू असतात, चेनला सांगायला की इकडे इथवरच आणि तिकडे तिथवरच. त्यातला मळईकडचा इस्क्रू नानांनी कसून ठेवला होता. चेन तिथं जायचीच नाही. मला भारी राग यायचा. घोडेगाव जवळ आलं की सपाट रस्ता, पोरं साध्या सायकली हाणत पुढं जाणार आणि मी गिअरवाली मागं! एकदा पाय आपटून विचारलं, "नाना, सहावा का नाय देत मला? आपला हाय ना तो?"

"आपला हाय म्हनूनच," नाना म्हणाले. "पाराच्या म्होरं मळई, आन् मळईच्या शेवटाला आपलं घर. मी पाय मोडला त्या दिशी ट्रॅक्टरात आडवा पडून वर आलो पोरी. घराला नीट बघितलं बी न्हाई. आता एकदा त्या वाटंनं, सायकलवर, घरी जायचं. तवर हा इस्क्रू म्हंजी कडी हाय. दाराला लावल्याली." कपाळ माझं! मी पारावरच घोडेगाव गाठत राहिले.

त्यांचं ते एकच मागणं होतं, आणि सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. मासे धरणारी पोरं म्हणायची, "चला नाना, होडीतनं फिरवून आनतो, घरावरनंच जाऊ." नाना भडकायचे. "घराच्या डोक्यावरनं जाऊ? पाव्हन्यासारखा?" दर उन्हाळ्यात पाणी हटायला लागलं की ते काठी टेकत खिंडीत जाऊन बसायचे. कधी आंबा उघडा पडायचा, म्हणजे त्याचा काळा बुंधा. कधी टाकं. एका साली देवळाचं जोतं दिसलं आणि नाना जेवले नाहीत. पण पारापर्यंत पाणी कधी हटलं नाही. मृगाचे ढग आले की नाना घरी यायचे आणि सायकल टांगायचे.

एका दसऱ्याची गंमत सांगते. खंडेनवमीला आई घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायची. विळा, कोयता, कुऱ्हाड, आणि ज्याच्यावर पोरीची शाळा चालते ते हत्यार म्हणून सायकल. हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घातला, कुठं? तर माकडाला! सगळ्यात नाजूक तेच, सगळी करामत त्याचीच, मग मान त्याचाच. पूजा होताच मी तशीच निघाले, सहामाहीचा पेपर होता. चढावर हाराचा दोरा माकडाच्या चाकांत गुंडाळला आणि सगळं जाम. फुलांचा चेंदामेंदा, हात काळे, मी रडकुंडीला. दूधवाल्याच्या गाडीवरून कशीबशी पोचले. संध्याकाळी नाना बाभळीच्या काट्यानं दोरा उकरत बसले. आई दाराआड पदर तोंडाला लावून उभी. थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नसत, मध्ये मी लागायचे. नाना मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, पूजा झाक झाली. फकस्त हार गळ्यात घालत्यात म्हनावं, पायात न्हाई." आई दाराआडून म्हणाली, "त्यांना सांग, कळलं." आणि दोघंही हसत होते, दाराच्या दोन बाजूंना.

मी दहावी झाले, बारावी झाले, जुन्नरला डी.एड.ला लागले. दादांनी पुन्हा कधी "लई झालं" म्हटलं नाही. सायकल मात्र घरीच राहिली आणि नाना ती टांगत राहिले. त्यांना दमा लागला होता. पायडल फिरवता फिरवता टाक्यापाशीच थांबायचे, "जरा बसतो हितं" म्हणायचे.

मग ते पाऊस रुसलेलं साल आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले तर धरणाचं भांडं झालेलं, तळाशी घोटभर पाणी. आई हंडा घेऊन मैलभर उतरत होती आणि दुष्काळाला शिव्या घालत होती. नाना मनातून हरखलेले, आणि हरखल्याची त्यांना लाज वाटत होती. दादांनी त्यांना पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं. नाना हट्टाला पेटले, "पार दिसंल आता. पार दिसल्याबिगर मी हलनार न्हाई." त्यांची छाती भात्यासारखी चालत होती. दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाणी आधी जातंय का हा, काय कळंना." त्यांचे डोळे भरले होते. माझ्या वडिलांना मी पहिल्यांदाच तसं बघितलं.

एका सकाळी मासे धरणारा पोरगा खिंडीतून ओरडत आला, "नाना, पार उघडा पडला! मळई बी वाळली!"

मी सायकल कड्यांवरून उतरवली. नाना मागं कॅरिअरवर बसले, आखडलेला पाय बाजूला सोडून, हातानं सीट धरून. अंगात वजनच नव्हतं. खिंडीतून उतरलो. चिखल वाळून भेगाळलेला, पण जुनी खडी खाली शाबूत होती. सगळीकडे राखी रंग, शिंपले आणि शांतता. "आंबा," नाना मागून म्हणाले. मी खटका ढकलला. गिअर असा पडला, की कळलंही नाही. "टाकं." पडला. "देऊळ." जिथं पाय जड मागत होता, नेमका तिथं तो मिळत होता. अगं बाई! इतकी वर्षं मी शाळेच्या रस्त्यावर चालवत होते, पण ही सायकल या रस्त्यासाठी जुळवलेली होती. मला रडू फुटलं. नानांना दिसलं नाही, ते पुढं बघत होते.

पाराशी ते म्हणाले, "थांब." खिशातून पेचकस काढला. मी सीट धरून मागचं चाक उचललं. नाना खाली बसले, धापा टाकत इस्क्रू सैल करू लागले. मी म्हटलं, "द्या, मी करते." ते म्हणाले, "कडी घरच्या मानसानं काढायची." मग पायडल फिरवलं, खटका ढकलला. चेन क्षणभर कुजबुजली. आणि गप्प झाली.

मळईवर सायकल पळाली. खरंच पळाली! सपाट वाट, मागं नानांचा श्वास, वारा, आणि पायाखाली तो कधी न भेटलेला सहावा. मला वाटलं, ही वाट संपूच नये. पण शेवटाला दगडांची एक चौकट होती, गुडघाभर जोतं आणि मधोमध उंबरा. नाना उतरले. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत जाऊन बसले. छप्पर नाही, भिंत नाही, वर नुसतं आभाळ. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बाहेरच सायकल धरून उभी होते.

"पोरी," ते म्हणाले, "सायकल आत घे. उन्हात टायर तापत्यात."

मी सायकल उंबऱ्यावरून उचलून आत घेतली.

दुसऱ्या दिवशी ते मुकाट पुण्याच्या दवाखान्यात गेले. पावसाळ्यात धरण भरलं तेव्हा नाना नव्हते. फार आठवण येते हो त्यांची, काय सांगू.

पुढं मी राजुरीत शिक्षिका झाले. सायकल अजून माझ्याकडे आहे. परवा तिची चेन बदलायला टाकली, तर दुकानातला मुलगा माकडाशी वाकून म्हणाला, "बाई, हितला एक इस्क्रू सैल वाटतोय. कसून टाकू का?"

मी अशी काही ओरडले, की त्याच्या हातातला पेचकस पडला. मग मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "राहू दे रे बाबा. कडी नको लावू. आमचं माणूस आत आहे."