मावशीला कुणी नाही म्हणेना

आमच्या पाटोद्याच्या मावशीनं 'ऊठ' म्हटल्यावर बसून राहिलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. तिच्या हातात कधी कुठली सत्ता नव्हती. ती सरपंच नव्हती, मास्तरीण नव्हती, कुणा पुढाऱ्याची बहीण नव्हती. काका बी-बियाण्याचं छोटं दुकान चालवायचे आणि दिवसभरात मोजकं बोलायचे. मावशी अंगानं लहानखुरी, आवाज मऊ, नाकात चमकी. पण रस्त्यात अनोळखी माणूस विडी ओढताना दिसला, की ती जाता जाता नुसतं 'टाक' म्हणायची आणि तो टाकायचा. टाकल्यावर मग 'ही बाई कोण?' असं शेजारच्याला विचारायचा.

एकदा एक नवा फौजदार पत्ता विचारायला तिच्या दारात आला. मावशी तेव्हा गोधड्या धूत होती. भिजलेली गोधडी म्हणजे काय वजन असतं, ते धुणाऱ्यालाच ठाऊक. तिनं वर न बघता गोधडीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "पीळ," ती म्हणाली, "उजवीकडं. माझ्या न्हाई, तुझ्या उजवीकडं." फौजदारानं टोपी काखेत मारली आणि गोधडी पिळली. मग दुसरी पिळली. दोन्ही वाळत घालून झाल्यावर तिनं त्याला ताक दिलं आणि पत्ता सांगितला. बाहेर जीपमधले शिपाई बघत होते. साहेबांना सोडवायला उतरावं, तर आपल्याही हातात एखादी गोधडी यायची, अशी भीती त्यांना वाटली असावी.

मला या गोष्टीचं फार नवल वाटायचं. मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी गाडा लावणाऱ्या फळवाल्या चाचांना एकदा विचारलं, "चाचा, तुम्ही मावशीचं एवढं का ऐकता?" त्यांना ती रोज सांगायची की गाडा सावलीत घे, आणि सावलीत गिऱ्हाईक फिरकत नाही हे माहीत असूनही ते घ्यायचे. चाचा सीताफळ निवडत म्हणाले, "अरे बेटा, भाभी बोलती तो ऐसा लगता, की मैंच वो काम करने निकला था." मला ते पटलं. मावशी 'करशील का' असं कधी विचारत नसे. तू हे करणारच आहेस, असं धरूनच ती बोलायची. आणि सांगून झालं, की मागं वळून बघायचीही नाही. एवढ्या विश्वासाला तोंडघशी पाडायला लाज वाटते माणसाला.

त्यातच पुराची गोष्ट घडली. मी तेव्हा अंबाजोगाईला शिकत होतो आणि सुट्टीला आलो होतो. बीडहून पाटोद्याला येणाऱ्या गाडीत मी, मावशी आणि तिचा मुलगा संतोष होतो. वाटेत ओढ्याच्या फरशी-पुलावरून पाणी वाहत होतं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. लोकांना घाई होती. पांढऱ्या कपड्यातला एक पुढारी तर उभा राहून ओरडायला लागला, "चल बे, घाल गाडी! गुडघाभर बी न्हाई पानी!" चार जणांनी त्याची री ओढली. ड्रायव्हरनं गियर टाकला. तेवढ्यात मावशी उठली आणि म्हणाली, "उतरा समदे."

आवाज चढवला नव्हता. पण गाडी रिकामी झाली. पुढारीसुद्धा धोतर सावरत उतरला आणि 'आपण का उतरलो' या विचारात रस्त्यावर उभा राहिला. थोड्या वेळानं वरच्या अंगानं पाण्याचा लोंढा आला, त्यात मुळासकट उपटलेली एक बाभूळ होती. ती फरशीवर आदळली तेव्हा आमच्या पायाखालची जमीन हलली. ड्रायव्हर मावशीच्या पाया पडला.

त्या दिवसापासून मावशीचा शब्द म्हणजे लोकांना जवळजवळ देववाणी वाटायला लागला. लग्न ठरवताना, बोअर कुठं घ्यायचं ते ठरवताना, माणसं तिच्याकडं यायची. तीही सांगायची. आणि त्याच वर्षी तिनं संतोषला सांगितलं, "दुकानात बस."

संतोषला संभाजीनगरला चित्रकला शिकायला जायचं होतं. प्रवेशही मिळाला होता. पण काकांचे गुडघे गेले होते, दुकानाला माणूस हवा होता. संतोषनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तो गल्ल्यावर बसला. कुरकुर नाही, आदळआपट नाही. दुकान त्यानं वाढवलं, लग्न केलं, त्याला मुलगी झाली. मावशी सगळ्यांना सांगायची, "माझा संतू लई गुनाचा हाय."

गेल्या दिवाळीत दुकानाला रंग द्यायचा होता म्हणून आम्ही मागच्या खोलीतली पोती हलवली. पोत्यांआडची भिंत चित्रांनी भरलेली होती. कोळशानं काढलेली चित्रं. बाजारातले बैल, गाड्यावर वाकलेले चाचा, कापूस वेचणाऱ्या बाया, झोपलेले काका. कित्येक वर्षांची असतील, काही पुसट, काही ताजी. संतोष माझ्या मागं उभा होता, चोरी पकडल्यासारखा. मावशी भिंतीजवळ गेली. तिनं चित्राला हात लावला नाही, काळं पुसलं जाईल म्हणून. बराच वेळ बघून ती म्हणाली, "तवा मला 'न्हाई' कावून म्हनला न्हाईस रे?"

संतोष म्हणाला, "तू इचारलंच न्हाईस, आई."

त्यात राग नव्हता. विचारलं म्हणून त्यानं सांगितलं, एवढंच. त्या खोलीला रंग दिला नाही.

त्यानंतर मावशी विचारायला लागली आणि घरात घबराट पसरली. "बसतोस का? का उभाच ऱ्हातोस?" असं तिनं म्हणताच पाहुणा धपकन बसायचा. "भाकर देऊ का, का नको?" म्हटलं, की भरल्या पोटाचे लोक जेवायचे. शेजारणी हळूच सुनेला विचारू लागल्या, "आत्याबाईंची तब्येत बरी हाय ना?" फळवाले चाचा तर गाडा घेऊन पार पलीकडच्या झाडाखाली गेले. भाभीनं 'सावलीत घेता का' असं विचारलं, म्हणजे आपलं काहीतरी मोठंच चुकलं असणार, असं त्यांना वाटलं. मावशी एकदा मला म्हणाली, "कुनी न्हाईच म्हनंना की रे. एवढ्या मान्सांत एकाला बी येत न्हाई का?"

यंदा उन्हाळ्यात मी गेलो होतो तेव्हा ती ओसरीत बसली होती. नात ओवी पाटीवर काहीतरी गिरवत होती. मावशी म्हणाली, "ओवे, माझ्यासंगं देवळात येतीस का?"

"न्हाई," ओवी म्हणाली.

सून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. काकांनी पेपर खाली केला.

"कावून गं?" मावशीनं विचारलं.

"तसंच. मला न्हाई यायचं."

मावशी हसायला लागली. इतकी हसली, की नाकातली चमकी हलायला लागली. मग ओवीला जवळ ओढून म्हणाली, "पुन्यांदा म्हन बरं."

"न्हाई," ओवीनं आज्ञाधारकपणे म्हटलं.

"आनखी एकदा."

"न्हाई!"

मावशीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदरानं डोळे पुसले. दुकानातून जेवायला आलेला संतोष दारात चपला काढत थांबला होता. तिला ते ठाऊक होतं. पण मान वर करून त्याच्याकडं बघणं काही तिला जमलं नाही.