तांदळातलं नाव

शेजारच्या नानांच्या साठीला बायकांनी नानींना उखाणा घ्यायला लावला. नानींनी 'राव' लावून नाव घेतलं. मग नानांना आग्रह झाला.

"आमच्या म्हशीला कसलं नाव?" ते म्हणाले. सगळे हसले, नानी सगळ्यांच्या आधी. मार खाऊन सरावलेलं माणूस हात उठण्याआधीच डोळे मिटतं, तसं ते हसणं. अशा नावांत लाड असतो म्हणतात. असेल.

"नाही, खरं नाव घ्या," सुनेनं हट्ट धरला.

नानींना भरवायची जिलबी हातात धरून नाना थांबले. लग्नात माहेरचं नाव बदलून, तांदळात अंगठीनं, नवं नाव त्यांनीच लिहिलं होतं. ते आता आठवेना. त्यांची फजिती होऊ नये म्हणून नानींनीच ते त्यांच्या कानात सांगितलं.

"हां, तेच," नाना म्हणाले आणि जिलबी स्वतःच्या तोंडात टाकली.