हिल्माने या वेळी ट्रक आणला नाही

ग्रीनस्टोनमध्ये बर्फाला कुणी घाबरत नाही. वर्षातले सहा महिने तो आमच्या पाचवीला पुजलेलाच असतो. पण डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी सरोवरावरून जो वारा सुटला, त्याने संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या मैदानात कमरेइतका बर्फ आणून ओतला. तेव्हा मात्र प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव आलं, हिल्मा कोस्केला. कौतुकाने आलं असं म्हणवत नाही.

हिल्मा एकाहत्तर वर्षांची. एकतीस वर्षं तिने नगरपालिकेचा बर्फ सारायचा ट्रक चालवला, आणि हे काम करणारी ती गावातली पहिली बाई. कामावर रुजू झाली त्या दिवशी गॅरेजमधल्या पुरुषांनी तिला मुद्दाम हीटर बंद पडलेला ट्रक दिला. आठवड्याभरात ही रडत परत जाते की नाही, यावर पैजा लागल्या. हिल्माने सीटवर मेंढीचं कातडं अंथरलं, थर्मासमध्ये कॉफी भरली आणि ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी सगळे रस्ते मोकळे करून आली. पाच वर्षांत अशी वेळ आली की शाळा उघडायची की बंद ठेवायची, हे मुख्याध्यापक तिला फोन करून विचारू लागले. जिभेने मात्र फटकळ. ट्रकने सारलेला बर्फ माझ्या दारात का लोटलास, म्हणून कुणी भांडायला आलं की ती खिडकीची काच चार बोटं खाली करायची आणि सांगायची, "आकाशातला देवाचा, रस्त्यावरचा माझा, दारातला तुझा. फावडं घे."

अशा बाईचं नाक एकाच सकाळी कापलं गेलं.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, खांद्याला खांदा भिडवून खेळायचा, लंबगोल चेंडूचा. कॉलेजचा संघ 'खाणवाले'. तांब्याच्या खाणी बंद पडून जमाना झाला, पण संघाचं नाव बदलायची कुणाची छाती नाही. त्या वर्षी खाणवाले उपांत्य फेरीत पोचले, सामना आपल्याच मैदानात, आणि आदल्या दिवशी बर्फ पडला. हिल्माला राहवलं नाही. कुणाला न विचारता ती पहाटे ट्रक घेऊन थेट मैदानात शिरली. ट्रकचं पातं बर्फाखालच्या गोठलेल्या गवतात रुतलं. मागे बघते तो चाळीस यार्डांचं हिरवं गवत मुळांसकट चटईसारखं गुंडाळलं गेलेलं. हात दाखवून अवलक्षण! सामना प्रतिस्पर्ध्यांच्या गावी हलवला आणि खाणवाले तीन गुणांनी हरले.

गावाने तिला शिवी दिली नाही, नाव दिलं. चटईबाई. हार्डवेअरच्या दुकानात पायपुसणी स्वस्त झाली की कुणीतरी तिला फोन करून कळवायचं. ती वरवर हसायची. पण त्यानंतर तिने मैदानात पाऊल टाकलं नाही. सामन्याच्या दिवशी ती आपल्या पडवीत रेडिओ घेऊन बसे, सोबत गॅरेजमधला जुना मेकॅनिक रॉय ट्रुडेल. मैदान चार गल्ल्या पलीकडे. आरडाओरडा आधी कानावर यायचा आणि काय झालं ते रेडिओ मागाहून सांगायचा. त्या मधल्या क्षणात हिल्मा श्वास रोखून धरायची, हे रॉयने पाहिलं होतं, पण कधी बोलून दाखवलं नव्हतं.

यंदा खाणवाले अंतिम सामन्यात पोचले, आणि नवीन नियमाने तो सामना वरचढ संघाच्या घरी, म्हणजे ग्रीनस्टोनमध्ये व्हायचा होता. गाव पार वेडं झालं. बेकरीवाल्याने मांस-बटाट्याच्या चार हजार पेस्ट्या भरायला घेतल्या. शनिवारचं एक लग्न रविवारवर गेलं, आणि ते सुचवलं खुद्द नवरीने. अशात हा बर्फ.

शुक्रवारी संध्याकाळी हिल्माचं दार वाजलं. दारात कॉलेजची क्रीडाप्रमुख जिना बर्टुची, पापण्यांवर बर्फ घेऊन उभी.

"मिसेस कोस्केला, फुटबॉल संघटनेचे मिस्टर हॉलिस आलेत. उद्या अकराला मैदान बघणार. सगळ्या पांढऱ्या रेषा दिसल्या नाहीत, नाहीतर गवत उखडलेलं दिसलं, तर सामना रविवारी दक्षिणेला, नऊ तास लांब, छताखालच्या मैदानात. त्यांनी ते आत्ताच धरूनसुद्धा ठेवलंय."

"मग माझ्याकडे कशाला आलीस? टोमणा मारायचा असेल तर फोनवर मारता आला असता."

"बर्फ सारायची चार यंत्रं मिळालीत मला. चालवायची कशी, ते विचारायला आले. गवताला धक्का न लावता कसं चालवायचं, हे तुमच्याइतकं—"

"कुणालाच कळत नाही. मला तर नाहीच नाही." हिल्माने खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला. "यंत्र एकही आत न्यायचं नाही. रेडिओ स्टेशन उघडं आहे का अजून?"

सात वाजता गावाने रेडिओवर तिचा आवाज ऐकला. "मी हिल्मा कोस्केला बोलतेय. चटईबाई. उद्या सकाळी सहाला मैदानात या. बर्फ ढकलायची रुंद सुपं आणा, गोठलेल्या सरोवरावर मासेमारीला नेता त्या घसरगाड्या आणा, ताडपत्र्या आणा, झाडू आणा. लोखंडी फावडं घेऊन आलात तर दारातूनच परत पाठवीन. माझ्यावर राग असेल तर तोही घेऊन या, थंडीत ऊब देतो."

स्टुडिओबाहेर आल्यावर तिने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. कुणीच आलं नाही तर? तिला खरोखर भीती वाटत होती. एकदा तिच्या हातून गावाचा सामना गेला होता. तो पुन्हा गेला असता, तर या गावात राहणं तिला जमलं नसतं.

सकाळी सहाला मैदानाच्या फाटकाशी तीन हजार माणसं उभी होती.

रॉय सगळ्यांत पुढे, दोन झाडू खांद्यावर टाकून. "काय गं, मोजतेस काय? हजेरी घ्यायचीय?"

"तू झाडू कुणाचे आणलेस?"

"चर्चचे. देवाला सांगून आणलेत."

हिल्माने मैदानाच्या पट्ट्या पाडल्या आणि प्रत्येक पट्टीला शंभर माणसं लावली. वरचा बर्फ सुपांनी उचलून घसरगाडीत भरायचा. गाडी चालेल ती अंथरलेल्या ताडपत्रीवरून, उघड्या गवतावरून नाही. शेवटचा चार बोटं थर राहिला की सूपसुद्धा बंद, फक्त झाडू. एका धिप्पाड लाकूडवाल्याने घाईघाईत सूप गवतात खुपसलं, तर हिल्मा लांबूनच ओरडली, "ए बाबा, गवत आहे ते, तुझ्या सासऱ्याची दाढी नाही!" लोक हसले. लाकूडवाल्याने मुकाट्याने झाडू घेतला.

आठच्या सुमाराला टेक्सासहून आलेले पाहुण्या संघाचे पाठीराखे हॉटेलांतून मैदानाकडे आले, पातळ जाकिटं आणि टोकदार बूट घालून. त्यांतल्या एका बाईने जिनाला विचारलं, "हे रोजच करता का तुम्ही?"

"फक्त पाहुणे आले की," जिना म्हणाली.

"आम्ही दोन दिवस बसमध्ये बसून आलोय. पुन्हा नऊ तास कुठे जायची ताकद नाही. द्या इकडे तो झाडू." ती बाई झाडू उलटा धरून झाडायला लागली. रॉयने तो सरळ करून दिला आणि आपले हातमोजेही दिले. बघता बघता टेक्सासवाले दोनशेजण कामाला लागले. पेस्ट्यांच्या टोपल्या दोन्हीकडच्या लोकांत फिरू लागल्या. सामन्यात तुमची हाडं मोडू, असं एकमेकांना सांगत सांगत दोन्ही गावं बर्फ उपसत होती.

दहा वाजता मैदान हिरवं दिसू लागलं, उत्तरेचं टोक सोडून. तिथे वाऱ्याने पुरुषभर उंच ढिगारा रचला होता, आणि तो दाबून दाबून दगड झालेला. सूप त्यावर नुसतं घासायचं. सव्वादहा वाजले, तरी हातभरही निघाला नव्हता.

जिना धावत आली. "फाटकात यंत्र उभंय, मिसेस कोस्केला, इंजिन चालू करून ठेवलंय. दहा मिनिटांचं काम आहे. फक्त ढिगारा, गवताला हातसुद्धा लावायचा नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "बसा हिल्माबाई! तुम्हीच बसा!" आणि पाहता पाहता तीच घोषणा सगळीकडून उठली. ज्या गावाने सव्वीस वर्षं तिला ट्रकवरून चिडवलं, तेच गाव तिला यंत्रावर बसायला सांगत होतं.

रॉय जवळ येऊन हळूच म्हणाला, "दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकत बसू नकोस, हिल्मा. पाऊण तास उरलाय. तुला येतं ते."

तिला येत होतं, हीच तर अडचण होती. तिचे हात शिवशिवत होते. पातं किती उचलायचं, कुठे थांबायचं, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि आपल्याला जमेल याची तिला पक्की खात्री होती. मग तिला आठवलं की त्या सकाळीही इतकीच खात्री होती, तसूभरही कमी नाही.

"इंजिन बंद कर," ती जिनाला म्हणाली. मग ती गर्दीकडे तोंड करून ओरडली. "मासेमारीच्या करवती कुणाकुणाच्या गाडीत आहेत? बर्फ कापायच्या. आणा सगळ्या!"

आमच्याकडे हिवाळ्यात कुणाच्या गाडीत सुटं चाक नसेल एक वेळ, बर्फाची करवत असतेच. पाच मिनिटांत चाळीस करवती आल्या. हिल्मा स्वतः ढिगाऱ्यावर चढली आणि वरून कापायला लागली. ढिगाऱ्याच्या मोठ्या विटा निघू लागल्या. खाली ताडपत्री, विटा तिच्यावर, ताडपत्रीला पन्नास माणसं, आणि "ओढा!" म्हटलं की अख्खं ओझं गवतावरून अलगद सरकायचं. पाहुण्यांनी एक ताडपत्री घेतली, आपल्यांनी दुसरी, आणि बघता बघता शर्यतच लागली. गवतापासून वीतभर वर हिल्माने करवती थांबवल्या. बाकीचं झाडूंनी काढलं. शेवटी शेवटी ती गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ बाजूला करत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसं गुडघ्यांवर होती. अकराला चार मिनिटं कमी असताना उत्तरेची शेवटची पांढरी रेषा वर आली.

मिस्टर हॉलिस ठरल्या वेळेला आले. लांब काळा कोट, हातात काठी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते एकेका रेषेवरून चालत गेले. तीन हजार माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. उत्तरेच्या टोकाला ते थांबले, वाकले, गवताची चार पाती चिमटीत धरून ओढून पाहिली. पाती जागची हलली नाहीत.

"इथे यंत्र चालवलं?"

"नाही," हिल्मा म्हणाली.

"मग एवढा ढिगारा कुणी हलवला?"

हिल्मा मैदानाकडे वळली. तिने नुसता हात फिरवला, अख्ख्या मैदानावरून, टेक्सासच्या टोकदार बुटांसकट.

हॉलिसनी सगळ्यांकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढून लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "त्यांना सांगा, छताखालचं मैदान नको. एक वाजता. इथेच."

जो आवाज उठला त्याने बाकांवरचा उरलासुरला बर्फ खाली आला असेल. लाकूडवाल्याने हिल्माला उचललं, ती "खाली ठेव मला, गाढवा!" म्हणून ओरडत राहिली, आणि त्याने ठेवलं नाही.

साडेबाराला ती निघाली. रॉयने कोटाची बाही धरली. "कुठे निघालीस?"

"घरी. पडवीत."

"पडवीत काय आहे? सामना इथे आहे." त्याने तिला पहिल्या रांगेत, मैदानाच्या मध्यरेषेसमोर बसवलं. आजूबाजूचे लोक सरकून जागा करत होते. कुणीतरी तिच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली, कुणीतरी हातात गरम पेस्टी ठेवली.

बरोबर एक वाजता टेक्सासच्या खेळाडूने चेंडूला लाथ मारली. पंधरा हजार माणसं उभी राहिली. हिल्मा बसूनच होती. डोळे इतके भरून आले होते, की समोरचं हिरवं आणि पांढरं एकमेकांत मिसळलं होतं.

"रॉय," तिने त्याचा हात घट्ट धरला, "कुठे गेला चेंडू? मला दिसत नाहीये."

"आपल्या पोराच्या हातात आलाय."

"मग पळ म्हणावं त्याला!" हिल्मा ओरडली, आणि उठून उभी राहिली.