पाटाकडची फांदी

"दुष्काळाला हात नसतात, पाटाचं दार उचलायला हात लागतो," असं एर्सिलिया ब्रागातो एकदा भर सभेत म्हणाली, आणि त्यानंतर पाण्याबद्दल तिने कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

तिकडे, दक्षिण गोलार्धात, जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि त्या वर्षी तो असा पेटला होता की मरम्बिजी नदीचं पाणी पाटाला पाळीपाळीने सुटायचं. एर्सिलियाची संत्र्यांची बाग पाटाच्या शेपटाला, तिच्या वरच्या अंगाला मर्व्ह टलकची. तिची पाळी आली त्या सकाळी सऱ्यांमध्ये पाणी उतरलं ते बोटभर. ती पाटाच्या कडेने वर चालत गेली. मर्व्हच्या बागेत पाणी सोडणाऱ्या दाराशी ते मोजायचं लोखंडी चाक असतं, त्यात कुणीतरी लाकडाची पाचर मारली होती. चाक गप्प उभं होतं आणि त्याच्या पोटाखालून, न मोजता, तिचं पाणी मर्व्हच्या झाडांत शिरत होतं.

ती पाचर तिने बागाइतदारांच्या सभेत टेबलावर ठेवली. मर्व्हने हॅट काढून मांडीवर घेतली आणि मयताला आल्यासारख्या आवाजात म्हणाला, "एर्सी, दुष्काळ आहे. पाणी वाटेतच मुरतं. आणि असं लाकूड कुणाच्याही सरपणात सापडेल."

ब्रागातो कुटुंब परदेशातून येऊन तिथे वसलेलं. मागच्या बाकावरून कुणीतरी बोललं, "तुझ्याकडे यायचं तर पाण्याला पासपोर्ट लागत असेल, एर्सी."

हॉल हसला. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता; तो असता तर तिला सोसलं असतं. मग सगळ्यांनी माना डोलावल्या. दुष्काळच तो, त्याला कोण काय करणार.

फेब्रुवारीत तिच्या झाडांची पानं विडीसारखी वळली. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमाराला, हिरवी फळं गोट्यांसारखी गळून पडली आणि बागेत चालताना पायाखाली तडकू लागली. ज्यांच्यात अजून ओल होती ती झाडं तिच्या नवऱ्याने, डुइलिओने, खांद्यापासून छाटली आणि बुंध्यांना चुना फासला, म्हणजे थोड्या पाण्यावर जीव धरतील. हिवाळ्यात धुक्यातून ते पांढरे बुंधे हात तोडलेल्या माणसांसारखे दिसायचे. डुइलिओ ओसरीत बसून त्यांच्याकडे बघत राही. फुटतील म्हणाला होता. सप्टेंबरात मर्व्हच्या बागेतून मोहोराचा वास आला, इतका दाट की घशात बसावा. हिच्या बुंध्यांवर एकही कोंब नव्हता. तो वास यायचा थांबण्याआधीच डुइलिओ गेला. प्रेतयात्रेत मर्व्ह खांदा द्यायला पुढे होता.

एकच झाड वाचलं, स्वयंपाकघरामागचं, भांडी धुतल्याच्या पाण्यावर. डुइलिओचं झाड. त्याच्या घराकडच्या फांद्यांवरची संत्री नाताळापर्यंत टिकत, उशिरा पिकत आणि साखर होत. दुसऱ्या कुणाच्या बागेत असलं फळ नव्हतं. पण त्याच झाडाची पाटाकडे गेलेली एक फांदी बिघडलेली होती. तिची फळं कातड्यासारख्या सालीची, आत कोरडा भुसा. पानाला पान सारखं, काट्याला काटा सारखा. फळ धरल्याशिवाय ब्रह्मदेवालाही फरक कळला नसता. डुइलिओ दर वर्षी म्हणायचा, काढून टाकू ती. राहून गेलं.

मर्व्हची पाळीही आली. पुढच्या उन्हाळ्यात नदी खारी झाली आणि त्याच्या झाडांच्या पानांच्या कडा जळाल्या. त्यानेही छाटली, चुना फासला. त्याची फुटली. आता छाटलीच आहेत तर चांगल्या जातीच्या काडीवरचा डोळा सालीत भरून कलम करून घ्यावं असं त्याच्या मनात आलं, आणि एका सकाळी तो हॅट हातात घेऊन एर्सिलियाच्या दारात उभा राहिला.

"डुइलिओच्या झाडाच्या डोळकाड्या देशील?" तो म्हणाला. "आणि डोळे तूच भर, एर्सी. तुझ्या हातचा डोळा मरत नाही, सगळी वाडी सांगते."

ते खरं होतं. आसपासच्या निम्म्या बागांना तिचा हात लागलेला. तिकडे डोळकाडी कुणी विकत नाही आणि मागितली तर नाही म्हणत नाही. फक्त एक रीत आहे: काडी काढायची ती फळ लटकत असलेल्या फांदीवरूनच, घेणाऱ्याने डोळ्यांनी बघून. त्या वर्षी झाडावर एकही फळ नव्हतं. मर्व्हने वर पाहिलं, आणि ओळखीच्या घरात काय बघायचं, म्हणून नजर खाली घेतली.

"पुढच्या वर्षी ये, फळ बघून घे," एवढं म्हणणं तिच्या ओठांवर होतं. तिने चाकू घेतला आणि झाडाला वळसा घालून पाटाकडे गेली.

ऑक्टोबरभर ती मर्व्हच्या बागेत होती. साल चिरायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी आवळायची. इतक्या मायेने तिने स्वतःच्या झाडांचेही डोळे भरले नव्हते. मर्व्ह तिला चहा आणून देई, ती पिई. एकही डोळा मेला नाही.

मग ती वाट बघत बसली. पाऊस परतला. तिच्या मोकळ्या रानात गवत वाढलं, पिवळं पडलं, पुन्हा वाढलं. कुंपणापलीकडे मर्व्हची झाडं डेरेदार होत गेली. लोकांना वाटे, ही डुइलिओच्या आठवणीने तिथे उभी राहते. ती फळं मोठी होताना बघायची. रोज थोडी जेवल्यासारखी तृप्त होऊन घरी यायची. त्या दिवशी काय बोलायचं ते तिने मनाशी घासून ठेवलं होतं: पाणी वाटेत मुरतं, मर्व्ह, गोडीसुद्धा.

नव्या फळाची पहिली पेटी पॅकिंग शेडमध्ये सगळ्यांसमोर कापतात. मर्व्हने पेटी आणली आणि पहिलं फळ तिच्या हातात दिलं. "डुइलिओचं आहे. तूच काप."

तिने कापलं. जाड साल, मध्ये फिकट कोरडा भुसा. मर्व्हने एक फोड तोंडात घातली, बराच वेळ चघळली, हातावर काढली. तो एकदम म्हातारा दिसला. ती बोलायला सरसावली.

"दुष्काळ," मर्व्ह तिच्याआधी म्हणाला. "झाडांच्या अंगात मुरला होता." त्याने हॅट काढली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस, एर्सी. माझं तर गेलंच. पण डुइलिओच्या फळाचीही त्याने माती केली."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तशाच, त्या सभेतल्यासारख्या. कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

घासून ठेवलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते बोलली असती तर दुष्काळाच्या नावामागे हात कुणाचा असतो, हे प्रथमच सगळ्यांना कळलं असतं. पण तो हात तिचा होता, आणि त्यातल्या फळाला ते सगळे डुइलिओचं म्हणत होते.

तिने चाकू एप्रनला पुसला, मिटून खिशात टाकला, अर्धं फळ टेबलावर पालथं ठेवलं, आणि माणसांच्या मधून वाट काढत शेडबाहेर निघून गेली.